लाईट घेतलेल्या आजीजवळ नातवंडं जाऊ द्यावीत का?

ताई, ‘लाईट, म्हणजे कॅन्सरचे किरणोपचार, घेतलेल्या आजीने नातवंडांना खुशाल मांडीवर घ्यावं’ हे मी लेखात लिहिलेलं तुम्हाला बेजबाबदार वाटलं, कारण तुमच्या मावशींना डॉक्टरांनी पोराबाळांपासून लांब राहायला बजावलं होतं. शिवाय लेखातली लाईटच्या त्रासांची एवढी जंत्री वाचून माणूस उपचारालाच जायचा नाही, असंही तुम्ही म्हणता.

मावशींचं उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. थायरॉइडचा कॅन्सर होता आणि औषध पाजलं, असं तुम्ही लिहिलंय. ते किरणोत्सारी आयोडीन. ते अंगात राहतं, लघवी-घाम-लाळेतून बाहेर पडतं, आणि त्याची किरणं निम्मी व्हायलाच 8 दिवस लागतात. म्हणून वेगळी खोली, लहान मुलं आणि गरोदर बायका लांब. डॉक्टरांनी बरोबरच सांगितलं.

माझा लेख गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर होता. त्यात मशीन बाहेरून किरणं सोडतं. मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही. नंतर आतून लाईट देतात, तेव्हाही हल्ली बहुतेक ठिकाणी इरिडियम या किरणोत्सारी धातूचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तारेच्या टोकाला बसून नळीतून आत जातो, काही मिनिटं थांबतो आणि मशीनमध्ये परत येतो. बाई घरी गेली की नातवंडाला बिनधास्त कुशीत घेऊ दे. (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत किरणोत्सारी दाणे, ‘सीड्स’, कायमचे ठेवतात त्यांचं वेगळं, तिथे काही काळ जपावं लागतं.)

जंत्रीबद्दल मात्र मी हटणार नाही. नाशकात किरणोपचार विभागात टेक्निशियन म्हणून काम करताना बघितलंय. दिंडोरी-कळवणकडच्या बायका एसटीने सीबीएसला, म्हणजे नाशकातल्या मुख्य बसस्टँडला, उतरून यायच्या. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास जुलाब लागले की लाजेने बोलायच्या नाहीत, ‘लाईट बाधले’ म्हणून घरीच बसायच्या. परत आल्या की लाईट नेमके कुठे द्यायचे त्यासाठी कमरेवर केलेल्या मार्करच्या खुणा घासून पुसलेल्या. त्यात द्राक्षांची खुडणी सुरू असली तर विचारूच नका. आणि या कॅन्सरमध्ये बाहेरचे-आतले सगळे लाईट साधारण 8 आठवड्यांत संपावे लागतात; खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात.

जुलाब, लघवीची जळजळ, थकवा हे उपचार संपल्यावर बहुधा काही आठवड्यांत ओसरतं. आधी माहीत असेल तर बाई गोळी मागते, घरी बसत नाही. केसांचंच सगळ्या विचारतात, पण ओटीपोटाला लाईट घेऊन डोक्यावरचे केस जात नाहीत. विचारायला हवं ते कुणी विचारत नाही: महिन्या-वर्षांनी शौचातून पडणारं रक्त, तरुण बाईची कायमची बंद होणारी पाळी, आकसणारा योनीमार्ग. तो आकसू नये म्हणून डायलेटर, म्हणजे योनीमार्गात घालायची गुळगुळीत कांडी, वापरायचा असतो. पण शेजारी सासू बसलेली असताना हे कोण समजावणार आणि कोण ऐकणार? ती बाई रात्री मोबाईलवर एकटी वाचेल म्हणून तर ते सगळं लिहिलं.

आणि मावशींच्या डिस्चार्ज कार्डावर मुलांपासून कधीपर्यंत लांब राहायचं ते लिहिलेलं असेल, बघा. ती मुदत उलटली असेल तर आता त्यांचं ताट वेगळं मांडू नका.