तिसऱ्या पिनेला काही अर्थ नसतो

विजेचं बिल वाढून आलं की पहिलं पथ्य म्हणजे मीटरकडे फिरकायचं नाही. मीटर तळमजल्यावर जिन्याखाली असतो, हवा गेलेल्या सायकली आणि गणपतीचं जुनं मखर यांच्या मागे. (थर्माकोलवर बंदी येऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या सोसायटीला ते मखर टाकवत नाही.) तिथवर कसंबसं पोचून दिसणार काय, तर आकडे. आकड्यांशी भांडता येत नाही. भांडायला घरात माणसं आहेत, त्यातलं एक निवडा.

आमच्याकडे ही निवड बिनविरोध होते. घरात एक चिरंजीव आहेत आणि त्यांच्या टेबलाखाली एक कम्प्युटर आहे. आरोपी म्हणून कम्प्युटरइतका सोयीचा प्राणी दुसरा नाही. रात्री साडेबाराला दाराच्या फटीतून निळा उजेड येतो, आत पंखा घूं घूं करतो, मधूनच चिरंजीव कुणाला तरी 'मागे बघ, अरे मागे बघ' म्हणून ओरडतात. आणखी पुरावा कशाला हवा? गीझर बिचारा बाथरूमच्या कोपऱ्यात तोंड मिटून टांगलेला असतो. त्याच्यावर संशय घ्यायचा तर स्वतःच्या आंघोळीची चौकशी लावावी लागेल.

म्हणून हिशेब मांडण्याच्या फंदात पडू नका. हजार वॉटची वस्तू तासभर चालली की एक युनिट, हे गणित शाळेत होतं, शाळेतच राहू द्या. नाहीतर असं निघेल की नुसतं टायपिंग चाललं असताना स्क्रीनसकट कम्प्युटर शंभरेक वॉट घेतो, म्हणजे एक युनिट जाळायला त्याला दहा तास लागतात आणि दोन हजार वॉटचा गीझर तेच काम अर्ध्या तासात उरकतो. पोरानं हे वहीत मांडून दाखवलं तर 'आम्हाला शिकवू नकोस' हे उत्तर अजूनही चालतं. गेम लावल्यावर कम्प्युटर तीनशे-चारशे वॉटांवर जातो हे त्याच वहीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेवढं मात्र मोठ्यानं वाचा.

बिल वाचायचंच असेल तर फक्त शेवटची रक्कम वाचा. वरच्या रकान्यांत स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशी मंडळी बसलेली असतात आणि त्यांच्या डोक्यावर १६ टक्के वीज शुल्क. त्यांच्याशी ओळख वाढवली की ती दर महिन्याला भेटतात. स्लॅबचं ज्ञान मात्र बागेतल्या बाकावरून घ्या. तिथे सर्वांचं एकमत आहे की ३०० च्या वर एक युनिट गेलं की पहिल्या युनिटापासून सगळंच महाग होतं. प्रत्यक्षात पहिली १०० एका दराने, पुढची ३०० पर्यंतची दुसऱ्या आणि त्यावरची तेवढीच आणखी चढ्या दराने लागतात. पण हे सांगायला जाल तर पुढच्या सकाळी बाकावर तुमच्यासाठी जागा नसेल.

आता कम्प्युटरकडे वळू. तो नीट चालत असेल तर त्यात काहीतरी सुधारणा करा. आमच्या चिरंजीवांनी स्वस्तात एक ग्राफिक्स कार्ड आणलं. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून ते चलन कमावणं, बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं ढिगाने जुन्या बाजारात आली, त्यातलंच हे एक. विकणारा म्हणाला, 'घरगुती वापरातलं आहे.' बरोबरच आहे, भट्टीही कुणाच्या तरी घरातच होती.

असं कार्ड कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसला जोडायचं. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज कम्प्युटरच्या पोटात पचेल अशी करून देणारा पत्र्याचा डबा. त्यावर '४५० वॉट' असं छापलेलं असतं आणि छापलेल्या गोष्टीवर आपला पिढीजात विश्वास. चांगल्या डब्यावर '८० प्लस'चा शिक्का असतो, म्हणजे घेतलेल्या विजेतली निदान ८० टक्के तो पुढे पोचवतो. आमच्या डब्यावर शिक्का नव्हता, पण मागच्या जाळीवर हात धरला की थंडीत बरं वाटायचं. ती ऊब आपण युनिटच्या भावाने विकत घेतोय हा विचार मनात आणू नका, उबेची मजा जाते.

एका रविवारी रात्री फट्ट असा आवाज झाला, पाठोपाठ सडक्या माशासारखा जळका वास आणि घरातले सगळे दिवे गेले. हे लक्षण चांगलं. एमसीबीने, म्हणजे गडबड झाली की वीज तोडणाऱ्या खटक्याने, आपलं काम केलं. तुम्ही तुमचं करा, म्हणजे एमसीबी तीनदा परत वर करून बघा.

मग डबा साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून मी आणि चिरंजीव डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तिथून चालत कम्प्युटरच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड. रस्त्याला डॉ. भडकमकरांचं नाव देऊन जमाना झाला, पण कम्प्युटरच्या बाबतीत आपण सगळे अजून ब्रिटिश राजवटीतच आहोत. दुकानदाराने डबा पिशवीतून काढलाही नाही. पिशवीसकट हातावर तोलला, भाजीवाला कलिंगड तोलतो तसा, आणि म्हणाला, 'साहब, इसमें तो हवा है.' मग शेजारी नवा ठेवला. तो उचलताना मनगट वाकलं. किंमत ऐकून माझी मान वाकली. आम्ही अर्थातच मधला घेतला. मध्यमवर्गीयाने नेहमी मधला घ्यावा, म्हणजे तो चांगलाही निघत नाही आणि वॉरंटीतही जात नाही.

नवा डबा बसवल्यावर कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येऊ लागल्या. खरं तर त्या आधीपासूनच येत होत्या, पण तेव्हा चिरंजीव सांगत होते. आता मला आल्या. अशा वेळी काय करावं? वायरमनला बोलावू नका, तो अर्थिंग वगैरे तपासत बसतो. गल्लीतल्या कम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलवा. त्याने आमच्याकडे येऊन बोटाच्या मागच्या बाजूने कॅबिनेटला स्पर्श केला, 'हं' म्हणाला, खिशातून पक्कड काढली आणि प्लगची तिसरी, जाड पिन कटकन उडवली. 'ही अर्थची. हिचा तसा काही उपयोग नसतो,' असं म्हणून ती पिन त्याने माझ्या हातावर ठेवली, पडलेला दात ठेवावा तशी. शंभर रुपये घेतले.

झिणझिण्या थांबल्या नाहीत. आधी त्या मधूनमधून यायच्या, त्यांना आता सातत्य आलं. मग घरात नियम झाला की कम्प्युटरला रबरी चपला घालूनच हात लावायचा. देवघरात चपला काढून आणि कम्प्युटरपुढे घालून. आमच्या हिने तर टेबलाखाली दाराबाहेरचं पायपुसणंही टाकलं.

यानंतर कम्प्युटर रोज थोडा थोडा गेला तर दचकू नका. एके दिवशी तो नुसताच लांब 'टीं' असा वाजू लागला. दुरुस्तीवाल्याने रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासला, फुंकर मारली आणि पट्टी परत दाबली. चालू झाला. तीनशे रुपये. (हे खरंच चालतं, आणि खोडरबर पाच रुपयांना मिळतो, पण तीनशे रुपये फुंकर कुठे मारायची याचे आहेत.) मग तो रोज सकाळी उठून आज १ जानेवारी २००९ आहे असं म्हणू लागला, आणि तारीख जुळत नाही म्हणून बँकेचं पानही उघडेना. मदरबोर्डवर साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, २०३२ नंबरचा तीन व्होल्टचा सेल असतो. तो संपला की कम्प्युटरला आजची तारीख आठवत नाही. घड्याळवाल्याकडेही तो मिळतो. पण दुरुस्तीवाला गंभीर चेहऱ्याने म्हणाला, 'बोर्डाचा प्रॉब्लेम आहे काका, न्यावा लागेल. फॉरमॅटपण मारतो.' फॉरमॅट हा आपल्याकडचा सत्यनारायण आहे. काहीही झालं तरी घालतात, आणि प्रसाद म्हणून सगळे फोटो जातात.

कम्प्युटर १९ दिवस त्याच्या दुकानात होता. दुकानाबाहेरून जाताना मी बघायचो, तो पोट उघडा टाकून फळीवर पडलेला असायचा आणि त्याच्यावर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवलेला असायचा. घरात शांतता होती. रात्री निळा उजेड नाही, 'मागे बघ' नाही. या महिन्याचं बिल बघण्यासारखं येणार असं मी जेवताना दोनदा बोलून दाखवलं.

बिल बघण्यासारखंच आलं. मागच्या महिन्यात २९० युनिट होती, आता ३७१.

खचू नका. अशा प्रसंगी बुद्धिवंताने नवी उपपत्ती मांडायची असते. मी मांडली: कम्प्युटर नव्हता हे मान्य, पण त्याचा यूपीएस तर प्लगमध्येच होता! होताच. बॅटरी मेलेली, कुणालाही वीज पुरवायची नसलेली आणि दर काही मिनिटांनी कुणीतरी गेल्यासारखा टुक्-टुक् रडणारा. तो फार तर दहा-पंधरा वॉट खात असेल, पण त्याचं रडणं आठशे वॉटचं होतं. ही माझ्याकडे बघून इतकंच म्हणाली, 'अहो, आता तरी एखादा वायरमन आणा.'

वायरमन आला. त्याने घरातलं काहीच बघितलं नाही. 'सगळी बटणं बंद करा, फ्रिजचं पण, आणि खाली चला,' म्हणाला. सायकली सरकवल्या, मखर उचललं आणि मीटरवर मोबाइलचा उजेड पाडला. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत होता आणि त्याच्याजवळ छापलं होतं, एका युनिटला ३२०० वेळा. घरात काहीही चालू नसताना दिवा थांबायला हवा. तो पाच-पाच सेकंदांनी डोळा मारत होता.

'मोजा काका.'

मी मोजले. मिनिटाला १२. म्हणजे तासाला ७२० लुकलुक, भागिले ३२००, झाले २२५ वॉट. दिवसाचे २४ तास, रात्रीचेही. रोजची ५.४ युनिट, महिन्याची १६२. शाळेतलं गणित इतक्या वर्षांनी जिन्याखाली भेटलं. बाजूला आणखी एक बारीक दिवा स्थिर जळत होता, त्याच्याखाली 'अर्थ' असं इंग्रजीत लिहिलेलं. वीज फेजने आत येऊन न्यूट्रलने परत न जाता भलतीकडून जमिनीत चालली आहे, असं त्या दिव्याचं म्हणणं होतं. किती दिवस म्हणत होता कोण जाणे. मधे मखर होतं.

वर येऊन त्याने एकेक एमसीबी खाली केला. बाथरूमचा केला आणि खालून चिरंजीव ओरडले, 'थांबला!'

गीझर. कॉइलला चीर गेली होती आणि कुणा शहाण्याने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलं होतं. म्हणजे बटण बंद केलं की दिवा विझायचा, पण कॉइलमध्ये फेज तसाच उभा. चिरेतून तो टाकीत, टाकीतून अर्थच्या वायरीत. एखाद-दुसऱ्या अँपिअरला एमसीबी ढुंकूनही बघत नाही, त्यासाठी विजेची गळती पकडणारा वेगळा खटका, आरसीसीबी, लागतो, आणि तो लावायचा खर्च मी दोनदा वाचवला होता. इमारतीचं अर्थिंग सुकलेलं, त्यामुळे ती वीज जमिनीत पटकन मुरत नव्हती, त्याच वायरीवरून हिंडत कम्प्युटरच्या कॅबिनेटपर्यंत येत होती.

'कॅबिनेटला हात लावला की करंट जाणवायचा का?' वायरमनने विचारलं.

'जाणवायचा.'

'मग काय केलंत?'

मी ड्रॉवरमधून ती पिन काढून दाखवली. का कोण जाणे, जपून ठेवली होती.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, एसएमपीएसच्या आत दोन बारके कपॅसिटर असतात, ते नकोसा करंट अर्थकडे सोडतात. पिनच कापली तर तो कॅबिनेटवरच बसून राहतो, म्हणून झिणझिण्या थांबल्या नाहीत. तेवढ्याने माणूस मरत नाही. 'पण ओल्या अंगाने त्या गीझरचा नळ धरत होतात ना रोज? नशीब समजा, काका.' हे वाक्य त्याने उपरोधाने म्हटलं नाही, आणि मलाही त्यावर काही सुचलं नाही. नवी कॉइल, बटण फेजवर, आरसीसीबी, तळमजल्यावर नव्याने अर्थिंगचा खड्डा आणि कम्प्युटरला तीन पिनांचा प्लग. त्याच आठवड्यात सगळं केलं.

पुढच्या महिन्याचं बिल २०८ युनिटांचं आलं. चिरंजीवांच्या मते हा विज्ञानाचा विजय होता. मी चहा पीत पीत शांतपणे सांगितलं की रात्री अकरानंतर कम्प्युटर बंद, हा नियम मी गेल्या महिन्यात केला होता आणि बघा कसा फरक पडला. ही सकाळी बाकावरच्या मंडळींच्या बायकांनाही तेच सांगते. वायरमनचं बिल मी ऑफिसच्या बॅगेत ठेवलंय, जिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. ती जाड पिनही तिथेच आहे.