फ्रेडीची रोल्स आणि कागदांची किंमत
एका लेखात क्वीन बँडचा गायक असलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या 1974 च्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोच्या पॉलिश, क्रोमचंच कौतुक जास्त झालंय, पण खरी मजा मालकीच्या इतिहासात आहे राव. 1979 पासून गाडी त्याच्या कंपनीच्या नावावर, आणि पठ्ठ्याकडे म्हणे लायसन्सच नव्हतं, म्हणजे कायम मागच्या सीटवर! 1991 ला तो गेल्यावर बरीच वर्षं बहिणीकडे राहिली, नंतर एका युक्रेनियन बिझनेसमनने घेतली, आणि 2022 च्या लिलावात अंदाज होता 20-30 हजार पौंडांचा, गेली 2 लाख 86 हजारांच्या वर, तेही पैसे लविवच्या युद्धजखमींच्या हॉस्पिटलसाठी. आपल्या पाचगणीत शाळा शिकलेल्या पोराची गाडी बरं का!

आणि ज्यांना साधी शॅडो स्वस्तात घेऊन रिस्टोअर करायचीय त्यांनी रंग बघून भुलू नका. मोनोकॉक बॉडी आहे, म्हणजे वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे दारांखालच्या पट्ट्या (सिल) गंजल्या की मामला स्ट्रक्चरचा होतो, नुसती पुट्टी भरून भागत नाही. ब्रेक आणि मागचं लेव्हलिंग (गाडीची मागची उंची सारखी ठेवणारी सोय) हाय प्रेशर हायड्रॉलिकवर, सिट्रोएनच्या लायसन्सचं, त्यात नंतरच्या मॉडेलचं मिनरल ऑइल ओतलं तर सगळे रबरी सील गेले समजा, मग बसा बिलं मोजत. फ्रेडीच्या गाडीचं तर आतलं जुनं लेदर बदलूच नये असं माझं मत, तो ज्या सीटवर बसला तीच काढून टाकली तर एवढे पैसे कशाचे दिले?