माग विकला, फोन थांबेनात

गेल्या वर्षी बेळगावात वडगावच्या आमच्या घरातले दोन यंत्रमाग विकले. विकावे लागले, तो विषय वेगळा. मी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मोबाईलवर स्वतः काढलेला फोटो टाकला, खाली नंबर दिला. नवव्या दिवशी खासबागेतल्या ओळखीच्या एकाने दोन्ही माग उचलले. मी पोस्ट काढून टाकली आणि विषय संपला असं समजलो.

महिन्याने इचलकरंजीहून फोन आला, मग निपाणीहून. मग एक गृहस्थ सकाळच्या एसटीने येऊन थेट दारातच उभे. "माग बघाय आलोय." दाखवायला माझ्याकडे रिकामी खोली आणि जमिनीत राहिलेले चार बोल्ट. चहा दिला, आणखी काय देणार? त्यांनी मोबाईल पुढे केला. बेळगावच्या सगळ्या जाहिराती एका ठिकाणी देतो म्हणणाऱ्या एका पेजवर माझाच फोटो, माझीच वाक्यं, माझाच नंबर. तारीख मात्र कुठेच नाही. शेजारी कन्नड भाषांतरही होतं, यंत्राने केलेलं. 'माग' म्हणजे पाऊलखूण असा अर्थ लावून त्याने माझ्या दोन पाऊलखुणा विक्रीला काढल्या होत्या! कन्नडात मागाला मग्ग म्हणतात. इतका शेजारचा शब्द, तोही हुकला. वडगावात कुठल्याही विणकराला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

पेजवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, "आम्ही तुमची जाहिरात फुकटात केली, खरं तुम्ही आमच्यावरच चिडताय."

खोटं कशाला बोलू, या उत्तरात थोडं तथ्य आहे. तरुणपणी मी खडेबाजारातल्या एका जाहिरात एजन्सीत काउंटरवर बसून छोट्या जाहिराती घेतल्या आहेत. हिशोब शब्दावर. माणूस समोर उभा राहून स्वतःच्या घराचं कौतुक एकेक शब्दाने कमी करायचा. 'हवेशीर' जायचं, 'प्रशस्त' जायचं, शेवटी 'दोन खोल्या भाड्याने देणे' एवढंच उरायचं. ती जाहिरात जितक्या डोळ्यांसमोर जाईल तितकं त्याला हवंच असायचं. वधू-वर मंडळवाले रविवारचा पेपर कात्रीने कापून वहीत चिकटवायचे, तेव्हा कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही. पण ती वही एका कपाटात असायची. मुलीचं लग्न ठरलं की तिची आई जाऊन ते पान काढायला लावायची, आणि पान निघायचं.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण या निमित्ताने बरंच वाचलं. 1957 च्या आपल्या प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट कायद्यात माहितीवर कुणाची मालकी नाही. दोन माग विकायचे आहेत, टिळकवाडीत खोली रिकामी आहे, ही वस्तुस्थिती. ती कुणीही आपल्या शब्दांत सांगावी. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक खटल्यात म्हटलं की नुसत्या राबण्यावर हक्क मिळत नाही, त्यात थोडी तरी स्वतःची बुद्धी आणि निवड दिसली पाहिजे. म्हणजे शब्द कापून कापून उरलेल्या माझ्या काउंटरवरच्या जाहिरातीला संरक्षण मिळणं कठीण. पण कुणी सविस्तर वर्णन मनापासून लिहिलं असेल तर ते त्याचं लेखन. पेपरवाल्याने निवडून, मांडून छापलेलं अख्खं पान रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फिरवणं हा तर आणखी वेगळा मामला.

फोटोचं उत्तर मात्र सरळ आहे. ज्याने काढला, हक्क त्याचा. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास पैसे देणाऱ्याचा. ही दुसरी गोष्ट मुलींच्या आईबापांनी लक्षात ठेवावी. लग्नासाठी म्हणून काढून घेतलेला तिचा फोटो कुठल्या तरी 'बेळगाव स्थळे' छाप पानावर गेला, तर तो खाली उतरवायला लावण्याचा हक्क घरच्यांकडेच असतो. माग विकला तरी लोक फोन करत राहतात, यात माझं काय जातं? लग्न झालेल्या मुलीला तसे फोन आले तर सासरी तिला काय काय ऐकावं लागेल, याचा विचार त्या पेजवाल्याने कधी केला असेल असं वाटत नाही.

बरं, मोठ्या वेबसाइटवाल्यांची बाजू घ्यावी तर त्यांचं वागणं वेगळंच. अमेरिकेत क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या वेबसाइटने आपल्याकडच्या जाहिराती उचलणाऱ्या थ्रीटॅप्स कंपनीवर 2012 मध्ये खटला भरला. क्रेगलिस्टने त्याच वर्षी तीनेक आठवडे लोकांकडून जाहिरातीचे सगळे हक्क फक्त आम्हालाच, असं कबूल करून घेतलं होतं. न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं की लोकांच्या जाहिरातींवरचा तुमचा एकट्याचा हक्क तेवढ्या दिवसांपुरताच. पुढे 2015 मध्ये थ्रीटॅप्सने दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. दोन कंपन्या भांडल्या, आणि ज्याने खोली भाड्याने द्यायला चार ओळी लिहिल्या तो कुठेच नाही. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 आहे. दुसऱ्याच्या संगणकातून परवानगीशिवाय माहिती उतरवून घेतली तर भरपाई द्यावी लागते. पण ते धावून येणार संगणकवाल्यासाठी.

म्हणून माझं मत अनेकांना पटणार नाही, तरी सांगतो. जाहिराती गोळा करणं बंद व्हावं असं मी म्हणत नाही. बाहेरगावहून शिकायला आलेल्या पोरांसाठी रिकाम्या खोल्यांची यादी करणारा कुणी असेल तर त्याला मी आशीर्वादच देईन. चोरी म्हणायची तर ती तारखेची आहे. जाहिरात हा नाशवंत माल आहे. आपल्याकडून गोव्याला जाणारी भाजी पहाटेच निघते, कारण शिळी झाली की तिकडे कुणी हात लावत नाही. जाहिरात उचलणाऱ्याला मात्र शिळेपणाची काळजी नाही, कारण नासलेल्या मालाच्या शिव्या मूळ मालकाला बसतात. उचलण्याआधी एक फोन करा, मूळ तारीख लिहा, महिन्याने पुन्हा विचारा नाहीतर काढून टाका. एवढंही जमत नसेल तर यादी करूच नका.

शेवटी मी त्या पेजला नीट पत्र लिहिलं. फोटो मी काढला आहे, त्याचा हक्क माझा आहे, कलमासकट. दोन दिवसांत फोटो गेला. चार ओळीही बदलल्या, आता त्यांच्या शब्दांत आहेत आणि माझ्यापेक्षा बऱ्या लिहिल्या आहेत. नंबर तसाच आहे. त्यावर प्रताधिकार चालत नाही. 2023 चा वैयक्तिक माहितीचा नवा कायदा वाचला, तर जी माहिती माणसाने स्वतःहून चारचौघांत मांडली तिला तो लागूच होत नाही. काल चिक्कोडीहून फोन होता. माग चालू आहेत का, विचारत होते.