आधी हवा तपासा

सुट्टीत मायदेशी आलो की गाड्या रंगवण्याच्या धंद्यातल्या जुन्या मित्रांशी गप्पा होतात. यंदा एकाने ठासून सांगितलं, "जनुकांची तपासणी आता स्वस्त झालीय. कामावर घेण्याआधीच करून टाकावी. ज्याला दमा व्हायचा त्याला स्प्रे बूथमध्ये पाठवूच नये." त्याचा हेतू चांगला होता. मला मात्र ते पटलं नाही, आणि जर्मनीत परतल्यावरही विषय डोक्यातून जाईना.

रंग कडक होण्यासाठी त्यात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ती श्वासातून जात राहिली की काहींना महिन्यांनी, काहींना वर्षांनी दमा जडतो, पुष्कळांना जडतही नाही. त्यात जनुकांचा हात आहे, हे खरं. टीडीआय या आयसोसायनेटमुळे दमा झालेल्यांत एचएलए-डीक्यूबी१*०५०३ हा जनुकाचा प्रकार जास्त आढळतो, हे १९९४च्या सुमारास दिसून आलं. पण तो असलेले कितीतरी जण ठणठणीत राहतात आणि नसलेलेही धापा टाकतात. असल्या चाचणीवर कुणाची रोजीरोटी ठरवणं हा सरळ अन्याय आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनम शुद्धीकरण कारखान्यातला १९९९चा अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. प्लॅटिनमच्या क्षारांची ॲलर्जी एचएलए-डीआर३ हा जनुकाशी जोडलेला प्रकार असणाऱ्यांत जास्त होती, पण हा फरक ठळक दिसला तो कमी संपर्क असलेल्या कामगारांत. संपर्क जास्त होता तिथे तो पुसट झाला. हवा पुरेशी वाईट असली की चांगली जनुकंही फारशी कामाला येत नाहीत.

जर्मनीत २०१०पासून मालकाला अशी तपासणी मागता येत नाही, आधीच झालेल्या तपासणीचा निकालही घेता येत नाही. ०.१ टक्क्याहून जास्त डायआयसोसायनेट (आयसोसायनेटचाच एक गट) असलेला माल कामात वापरायचा, तर २४ ऑगस्ट २०२३पासून युरोपीय संघात आधी प्रशिक्षण सक्तीचं आहे. मीही ते घेतलं. म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही, घाईच्या दिवशी हनुवटीवर उतरलेले मास्क मी पाहिलेत.

मित्राला मी फोनवर सांगितलं, पैसे घालायचेच तर बाहेरची स्वच्छ हवा पुरवणाऱ्या मास्कवर आणि बूथमधली हवा खेचणाऱ्या पंख्यांवर घाल. पोरांना विचार, सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी वाटते का, कामावर आलं की पुन्हा भरून येते का? वेळेत ओळखून त्याच पगारावर बूथबाहेरचं काम दिलंस, तर बरं होण्याची शक्यता बरीच वाढते. उशीर झाला तर रंगकाम सुटतं, पण दमा अनेकदा सुटत नाही.