‘न दुखणाऱ्या गाठीला हत्यार लावू नका’ या सल्ल्याचा प्रतिवाद

गोव्यातल्या डिचोली, फोंडा, पेडणे भागांतल्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: त्वचेवरची न दुखणारी, सावकाश वाढणारी गाठ कॅन्सरची नसते, घराण्यात कॅन्सर नसेल तर तपासणीची गरज नाही, आणि अशा गाठीला हत्यार लावले, की ती चवताळून दुप्पट होऊन परतते. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात हे खरे, आणि म्हणूनच हा सल्ला पटतो. मात्र डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स, म्हणजेच डीएफएसपी, हा त्वचेच्या आतल्या थरात उद्भवणारा मृदू ऊतींचा दुर्मीळ कॅन्सर यातल्या प्रत्येक विधानाला अपवाद ठरतो.

पहिला मुद्दा वेदनेचा. डीएफएसपी बहुधा छाती, पाठ, पोट किंवा खांद्यावर, विशेषतः 20 ते 50 या वयात, एखाद्या घट्ट, तांबूस किंवा त्वचेच्याच रंगाच्या चकतीसारखा सुरू होतो, वर्षानुवर्षे फारसा दुखत नाही आणि उशिरा त्यावर गाठी उठतात. चरबीची गाठ मऊ असते व त्वचेखाली सरकते. ही मात्र कठीण असते आणि त्वचेलाच चिकटलेली असते. तिला केलॉइड, म्हणजे जखमेच्या व्रणाची फुगलेली वाढ, समजून वर्षे घालवली जातात. वर्षाला दहा लाख लोकांमागे साधारण एक ते पाच रुग्ण, असे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतले आकडे आहेत. ते प्रमाण 2011 च्या जनगणनेतल्या सुमारे साडेचौदा लाखांच्या गोव्याला लावले, तर वर्षाकाठी मोजकेच रुग्ण निघतील. त्यामुळे ‘आमच्या ओळखीत कुणाला झाला नाही’ या युक्तिवादाला किंमत उरत नाही.

आनुवंशिकतेचा मुद्दा लगेच निकालात निघतो. 17 आणि 22 या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन दोन जनुके जोडली जातात आणि पेशीला वाढीचा संकेत सतत मिळत राहतो. हा बदल आयुष्यात केव्हातरी त्या पेशींत घडतो. तो आईवडिलांकडून येत नाही.

‘हत्यार लावले की परतते’ या विधानात मात्र अर्धे सत्य आहे, आणि तेच अधिक घातक आहे. ही गाठ परतते, कारण हरळीच्या मुळांप्रमाणे तिचे धागे दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे, चरबीत आणि कधी त्याखालच्या स्नायूंवरच्या आवरणापर्यंत पसरलेले असतात; साधी गाठ समजून ती तेवढीच कापली, तर धागे मागे राहतात. दोष अपुऱ्या शस्त्रक्रियेचा आहे. म्हणून आधी चरबीपर्यंत खोल तुकडा घेऊन बायोप्सी करतात (वरवरचा तुकडा फसवू शकतो), आणि निदानानंतर भोवतालची साधारण दोन ते चार सेंटिमीटर निरोगी त्वचा व खालचे आवरण घेऊन गाठ काढतात. मोज शस्त्रक्रियेत थरामागून थर काढत कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात. तिच्यानंतर गाठ क्वचितच परतते. दूर अवयवांत पसरण्याचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आहे. जिथे शस्त्रक्रिया शक्य नाही, तिथे तोच वाढीचा संकेत रोखणारे इमॅटिनिब हे औषध वापरतात. अमेरिकेत त्याला या आजारासाठी 2006 मध्ये मान्यता मिळाली.

गाठ एकदा काढूनही त्याच जागी पुन्हा उठली असेल, तर गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा मुंबईला जाताना जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) सोबत न्यावेत, आणि पूर्वी काढलेल्या तुकड्याच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या निघाल्या होत्या का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.