ब्लू-रे जिंकली, पण सांगलीत आलीच नाही

परवा एका ग्रुपवर पुन्हा तोच वाद रंगला. बीटामॅक्स आणि व्हीएचएस हे व्हिडिओ कॅसेटचे दोन जुने प्रकार; बीटामॅक्सचं चित्र व्हीएचएसपेक्षा चांगलं होतं, तरी ते हरलं; म्हणजे लोकांना चांगल्या वस्तूची पारख नसते. मला हे पटत नाही. सांगलीत टीव्ही, व्हीसीआर, सीडी आणि डीव्हीडी प्लेअर दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. जपानी मशीन उघडली, कोरियन उघडली, चिनी तर ढिगानं उघडली. त्यावरून माझं मत झालंय ते असं: फॉरमॅटची, म्हणजे कॅसेट-चकतीच्या प्रकारांची, लढाई पडद्यावर ठरत नाही. ज्या फॉरमॅटचं मशीन परक्या देशातला कुठलाही छोटा कारखानदार स्वस्तात बनवू शकतो आणि बनवून त्याच्या हातात चार पैसे उरतात, तोच फॉरमॅट आपल्यासारख्या गावापर्यंत पोचतो.

सुरुवात चीनपासून नाही, जपानपासून करायला हवी. आज आपण 'चायना माल' म्हणतो तसा एके काळी अमेरिकेत 'जपानी माल' होता. टेपवर चित्र साठवणारं पहिलं यशस्वी मशीन अमेरिकेतल्या ॲम्पेक्स कंपनीनं १९५६ साली आणलं, पण ते टीव्ही स्टेशनसाठी. घरात मावेल आणि घराला परवडेल असं मशीन जपान्यांनी करून दाखवलं. सोनीचं बीटामॅक्स १९७५ चं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ चं. सोनीच्या सुरुवातीच्या कॅसेटवर एक तास मावायचा, जेव्हीसीच्या कॅसेटवर दोन. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जेव्हीसीनं आपलं तंत्र इतरांना मोकळ्या हातानं दिलं. मात्सुशिता (म्हणजे आपली नॅशनल, पुढची पॅनासॉनिक), हिताची, शार्प, मित्सुबिशी सगळे व्हीएचएस बनवायला लागले.

आता अमेरिकेतली आरसीए बघा. केवढी मोठी टीव्ही कंपनी! तिनं व्हीसीआर स्वतः बनवलाच नाही. मात्सुशिताकडून बनवून घेतला, चार तास रेकॉर्डिंग होईल असा करून मागितला, वर आपलं नाव लावलं आणि १९७७ साली १००० डॉलरला विकायला काढला, बीटामॅक्सपेक्षा बराच स्वस्त. अमेरिकेच्या दिवाणखान्यातला निकाल असा ओसाकाच्या कारखान्यात लागला. १९८८ साली खुद्द सोनीला व्हीएचएस बनवायला घ्यावं लागलं. चित्राचा दर्जा एवढाच मुद्दा असता तर सोनीवर ती वेळ आली नसती.

आपल्याकडं व्हीसीआर आला तो १९८२ च्या एशियाडच्या आगंमागं, रंगीत टीव्हीच्या जोडीनं, आणि पुष्कळसा आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून. विकत घेणारे मोजके. बाकी सगळं भाड्यानं. गणपतीत मंडळानं टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा आणि रात्रभर तीन पिक्चर दाखवायचे, हे माझ्या वयाच्या माणसाला सांगायला नको. मग व्हीसीपी आला. रेकॉर्डिंगचा सगळा भाग काढून टाकलेलं, नुसती कॅसेट वाजवणारं मशीन. फुनाईचा व्हीसीपी आठवत असेल. एवढी काटछाट झाली तेव्हा कुठं मास्तर आणि बँकेतले लोक व्हीसीपी घरात घ्यायला लागले.

पण माझं सगळं काम ज्यानं बदललं तो व्हीसीडी, म्हणजे पिक्चर साठवलेली सीडी. व्हीसीडीचा नियम फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी १९९३ साली ठरवला. जपानात आणि युरोप-अमेरिकेत त्याला कुणी विचारलं नाही. रेकॉर्डिंग होत नाही, चित्र व्हीएचएसच्या आसपास, एका चकतीवर सव्वा तासाच्या आत सगळं बसवायचं. आपला हिंदी पिक्चर दोन नाहीतर तीन चकत्यांवर. त्यांच्याकडं चांगले व्हीसीआर होते, त्यांना याची गरज नव्हती.

गरज होती चीनला. तिथल्या आनहुई प्रांतातल्या हफेई शहरात वानयान नावाच्या कंपनीनं त्याच वर्षी अमेरिकेतल्या सी-क्यूब कंपनीची चिप वापरून व्हीसीडी प्लेअर बनवला. वानयाननं त्याचं पेटंट घेतलं नाही. पहिली मशीन विकत घेणाऱ्यांत बरेचसे दुसरे कारखानदारच होते असं सांगतात. त्यांनी ती खोलली, पाहिली आणि बनवायला लागले. वानयान थोड्याच वर्षांत मागं पडली, पण शेकडो कारखाने उभे राहिले. त्यातलीच एक ग्वांगडोंगमधली बीबीके, १९९५ ची. आज आपल्या मारुती रोडवर ज्या ओप्पो आणि विवोच्या पाट्या दिसतात त्यांचं मूळ याच बीबीकेत आहे. ओप्पो तर फोनच्या आधी डीव्हीडी प्लेअर बनवायची.

इथं तासगावच्या द्राक्षाची गोष्ट सांगतो, कारण माझ्या डोक्यात हा सगळा प्रकार तिनंच पक्का बसला. तास-ए-गणेश ही जात थॉम्पसनमधून निवडून आपल्याच भागातल्या बागेत तयार झाली. ज्याला पाहिजे त्यानं काडी मागून आणली, खुंटावर कलम भरलं, आणि जात जिल्हे ओलांडून गेली. आता परदेशातल्या पेटंटच्या जाती येतायत. घड देखणा, गोडी चांगली, पण रॉयल्टी भरल्याशिवाय आणि करारावर सही केल्याशिवाय काडी मिळत नाही. वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण दोन एकरवाल्याच्या बागेत कुठली जात लवकर पोचते हे सांगायला कृषी पदवी लागत नाही. व्हीसीडी ही अशी मागून आणलेली काडी होती.

आता आतलं सांगतो. चिनी व्हीसीडी प्लेअरचं झाकण काढलं की पहिल्यांदा वाटायचं, सामान चोरीला गेलंय की काय. नॅशनलच्या व्हीसीआरमध्ये बोट घालायला जागा नसायची: फिरतं ड्रम, गायडर, लोडिंगची गिअर, तीन-चार बोर्ड, आणि सगळं घट्ट स्क्रूनं आवळलेलं. इथं अर्धा डबा रिकामा. एक छोटा पॉवर सप्लाय, एक बोर्ड, त्यावर एक मोठी चिप, आणि रबरी पट्ट्यावर उघडणारा ट्रे. पण नीट बघितलं की कळायचं यातलं 'चायना' किती. चकती वाचणारी लेन्स सोनीची २१३ नंबरची नाहीतर तिची नक्कल. चिप सी-क्यूबची किंवा ईएसएसची, दोन्ही कॅलिफोर्नियातल्या. पुढं डीव्हीडीच्या काळात चिप तैवानच्या मीडियाटेकची आणि लेन्स सान्योची. 'एचडी ६२ द्या' एवढा त्या लेन्सचा नंबर म्हटला की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार न विचारता काढून द्यायचा. चीनचं काय होतं? पत्रा, प्लास्टिक, जुळणी आणि कमी पगारात राबणारे हात. बुद्धी चौघांची, घाम एकाचा. स्वस्ताई त्या घामातून आली होती, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो आणि आजही सांगतो.

आणि ती मशीन चालायची! सोनीच्या प्लेअरमध्ये ओरखडा पडलेली सीडी घातली की 'नो डिस्क'. तीच सीडी चिनी प्लेअर गिळायचा. कारण त्यांना माहीत होतं की त्यांचं गिऱ्हाईक लायब्ररीतून आणलेली, दहा घरं फिरून आलेली सीडी लावणार आहे. एमपीथ्री चालायचं, पुढं पेनड्राइव्ह चालायला लागला. डीव्हीडीला जगाचे भाग पाडून रीजन कोड लावले होते, भारत रीजन ५ मध्ये. चिनी प्लेअरला तो कोड ठाऊकच नसल्यासारखा असायचा. दुबईहून आणलेली डीव्हीडी इथं बिनबोभाट लागायची. मोठ्या कंपन्यांनी हे कधीच केलं नसतं, त्यांचे हात स्टुडिओंच्या करारांत बांधलेले होते. स्वस्त परदेशी कारखाना म्हणजे नुसती कमी किंमत नव्हे, फॉरमॅटच्या मालकांनी घातलेली कुंपणंसुद्धा तिथं मोडतात. माझ्या मते व्हीसीआर संपला तो याच मोडतोडीत. पावसाळ्यात टेपवर चढणारी बुरशी हे दुसरं कारण. कृष्णाकाठच्या माणसाला ते समजावायची गरज नाही.

मग फॉरमॅटचे मालक जागे झाले. डीव्हीडीची पेटंट दोन मोठ्या गटांत होती: एकीकडं तोशिबा, हिताची, मात्सुशिता वगैरे सहा, दुसरीकडं फिलिप्स, सोनी, पायोनियर असे तीन. २००२ साली चिनी कारखानदारांशी करार झाले, निर्यातीच्या एका प्लेअरमागं पहिल्या गटाला ४ डॉलर, दुसऱ्याला ५, शिवाय चित्राच्या तंत्रासाठी एमपेगचे वेगळे आणि आवाजाच्या तंत्रासाठी डॉल्बीचे वेगळे. प्लेअरच्या किमती पडत पडत चाळीस-पन्नास डॉलरवर आल्यावर यात कारखानदाराला काय उरणार? चिडून चीननं २००३ साली ईव्हीडी नावाचा स्वतःचा फॉरमॅट काढला. तो चालला नाही, कारण त्यावर पिक्चरच नव्हते. हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं असं कुणी म्हणेल. नाही जात. स्वस्त कारखाना लागतोच, पण नुसता कारखाना पुरत नाही, चकतीवर काहीतरी असावं लागतं.

याचा पुरावा हवा असेल तर २००६ ते २००८ ची लढाई बघा. डीव्हीडीच्या पुढच्या, जास्त स्पष्ट चित्राच्या दोन चकत्या: एका बाजूला तोशिबाची एचडी डीव्हीडी, दुसऱ्या बाजूला सोनी आणि मंडळींची ब्लू-रे. कारखान्याच्या दृष्टीनं एचडी डीव्हीडी सोपी होती. तिची चकती जुन्या डीव्हीडीच्या यंत्रांत थोडा बदल करून निघायची. ब्लू-रेचा वरचा थर जेमतेम ०.१ मिलिमीटर, त्याला नवी यंत्रं लागायची. जागा ब्लू-रेत जास्त, एका थरात २५ जीबी, एचडी डीव्हीडीत १५. मशीनची किंमत तर बघा: २००६ मध्ये तोशिबाचा प्लेअर ४९९ डॉलरला आला आणि सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर ९९९ ला. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत वॉलमार्टनं तोशिबाचा प्लेअर १०० डॉलरच्या आत विकला. स्वस्त तो जिंकतो एवढाच नियम असता तर एचडी डीव्हीडी तिथंच जिंकली असती.

पण ती स्वस्ताई कारखान्यातून आलेली नव्हती. तोशिबा स्वतःच्या खिशातून पैसे घालून किंमत पाडत होती. मूळ मालकच तोट्यात विकतोय म्हटल्यावर दुसरा कारखानदार त्या धंद्यात कशाला येईल? चिनी बनावटीचा एखादा प्लेअर आला, पण त्या बिचाऱ्याला जागा उरली नव्हती. फॉरमॅट स्वस्त झाला आणि एकटा पडला. ब्लू-रेच्या बाजूला सुरुवातीपासून नऊ कंपन्या होत्या, आणि सोनीच्या प्रत्येक प्लेस्टेशन ३ या गेमच्या मशीनबरोबर एक ब्लू-रे प्लेअर घरात जात होता. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर या हॉलिवूडच्या स्टुडिओनं फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं, १९ फेब्रुवारीला तोशिबानं हात टेकले. तीच तोशिबा बीटामॅक्सच्या वेळी सोनीच्या बाजूनं लढून हरली होती!

मला नेहमी वाटतं, ब्लू-रेवाल्यांनी डीव्हीडीचा धडा जरा जास्तच मनावर घेतला. डीव्हीडी चीनच्या हातात गेली आणि त्यांचा नफा गेला, म्हणून या वेळी त्यांनी दार किलकिलंच ठेवलं. लढाई जिंकले. पण माझ्या टेबलावर ब्लू-रे प्लेअर दुरुस्तीला जवळपास आलाच नाही. विश्रामबागेतल्या चार हौशी घरांत असेल, बस. गावभाग, खणभाग, मिरज, तासगाव, विटा कुठंच नाही. लोक डीव्हीडीवरून सरळ मोबाइलवर गेले.

आपल्याकडं एकानं हे सगळं ओळखलं होतं, मोझर बेअरनं. ग्रेटर नोएडात चकत्या बनवायच्या आणि २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना. बसस्टँडवर, किराणा दुकानात मिळायच्या. चोरीच्या सीडीला कायद्यानं नाही, भावानं मारलं. मला त्या कंपनीचं फार अप्रूप होतं. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. प्लेअर मात्र आपण बनवले नाहीत, बोर्ड आणून डब्यात बसवत राहिलो, आणि ही खंत माझ्या मनातून जात नाही. एवढं मोठं गिऱ्हाईक आपलं, आणि फॉरमॅट ठरवताना आपल्याला कुणी विचारलं नाही.

स्वस्ताईची दुसरी बाजू माझ्या धंद्याला कळते. स्वस्त कारखाना फॉरमॅटला वर काढतो तसा एका झटक्यात सोडूनही देतो. फुनाई, तीच व्हीसीपीवाली, जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवायचं थांबली. त्यांची मशीन चीनमध्ये बनायची आणि ती जगातली शेवटची होती. कारण त्यांनीच सांगितलं: मागणी घटली आणि सुटे भाग मिळेनात. म्हणजे आता टेप वाचणारं नवं हेड नाही, टेप ओढणारा नवा पिंच रोलर नाही. जे चालतंय ते जुन्या मशीनचे अवयव काढून.

म्हणून कळकळीनं सांगतो. ज्यांच्या घरात लग्नाच्या, मुंजीच्या, आजोबांच्या पंचाहत्तरीच्या व्हीएचएस कॅसेट आहेत त्यांनी त्या यंदाच्या पावसाळ्याआधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर घरच्या मशीनमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि टेपही जाईल; आधी साफ करून घ्या. माळ्यावर बंद पडलेला व्हीसीआर असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, जवळच्या एखाद्या दुरुस्तीवाल्याला द्या. त्याच्यातल्या एका हेडवर अजून चार घरांच्या कॅसेट निघतील.