सुगरणीचं रेडीमेड घरटं

आज डोकं फिरलंय, स्पष्टच लिहिते.

लेक पाचवीत. दुपारी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘उद्या सुगरणीच्या घरट्याचे मॉडेल आणणे.’ स्टेशनरीच्या दुकानात गेले तर तयारच मिळतंय. सुतळीचं, दीडशे रुपये, दारात प्लॅस्टिकची ‘सुगरणताई’ विणत बसलेली. (विणतो नर हो! पण असो.) माझ्याआधी चार आया रांगेत. आणि शाळेमागच्या विहिरीवर बाभळीला खरे खोपे लटकतायत. वर्गाच्या खिडकीतून दिसतात!

मी चौथीत असताना आमच्या झेडपीच्या गुरुजींनी अख्खा वर्ग असाच विहिरीकडे नेला होता. लांब, बांधावर बसवलं. एका पोराने खोप्यावर दगड उगारला. गुरुजी ओरडले नाहीत. त्याच्या हातात उसाचं पान दिलं. “फाड याच्या पट्ट्या आणि वीण. दोनच बोटं वापरायची. चोच तेवढीच असते.” तासभर सगळे झटलो. एकाचीही गाठ बसली नाही. दगड कुठे पडला, कुणाला आठवलंही नाही.

मॅडमना फोन केला तर, “विहीर आहे, काही झालं तर जबाबदार कोण?” बरं, एका बाईला साठ पोरं सांभाळायची, वर ऑनलाइन माहिती भरायची, हे मान्य. पण खिडकी तरी उघडा!

सुप्रीम कोर्टाने १९९१ सालीच सांगितलं, शाळेत पर्यावरण शिकवा, सक्तीने. आपण काय केलं? बारावीची पोरं पर्यावरणाच्या जर्नल-वह्या एकमेकांच्या बघून उतरवतात. ५ जूनला पर्यावरण दिन, तेव्हा आपल्या शाळा सुट्टीवर.

आमच्याकडे म्हणायचे, सुगरण उजेडासाठी चिखलात काजवे चिकटवते. गुरुजींनी खाली पडलेला खोपा पुढे केला. “घाला बोट, बघा.” वाळका चिखल निघाला. काजवा नाही. आजीला घरी जाऊन सांगितलं, तर आजीच रुसली.

संध्याकाळी लेकीला घेऊन गेले. पिवळ्या डोक्याचा नर विणत होता. मादी आली, अर्धवट खोप्यात डोकावली, उडून गेली.

“आई, नापास केलं तिने?”

“बहुतेक.”

“मग आता तो कुठून आणणार रेडीमेड?”

हसू आवरेना. मग तिला उसाचं पान दिलं. दोन बोटं. अंधार पडेपर्यंत बसली होती. गाठ बसली नाहीच. ती तुटकी वीण वहीत चिकटवलीय. उद्या तेच नेणार म्हणते.